भिंतीआड काय आहे, हे लिहून ठेवायचं कोणी?

(जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती तेवढी कमी केली आहे. शेवटी श्रोत्यांचे निवडक प्रश्न घेतले आहेत.)



पत्रिकेवर विषयाचं नाव जरा जड छापलं गेलं आहे: ‘बांधकाम-मालमत्तेच्या जीवनचक्रातील माहितीचं व्यवस्थापन’. नाव वाचून निम्मी मंडळी घरीच थांबतील अशी आम्हाला भीती होती, पण सभागृह बरंच भरलेलं दिसतंय. साध्या भाषेत प्रश्न एवढाच आहे. इमारत बांधताना बांधणाऱ्याला जे माहीत असतं, ते तीस-चाळीस वर्षांनी कोणाला तरी माहीत असतं का? नसेल, तर त्या न कळण्याची किंमत कोण भरतो?

सुरुवात रस्त्यापासून करू. जून २०२२ मध्ये अमरावती ते अकोला दरम्यान, राष्ट्रीय महामार्ग ५३ वर, राजपथ इन्फ्राकॉन या कंपनीनं ७५ किलोमीटर लांबीचा एकपदरी डांबरी थर न थांबता १०५ तास ३३ मिनिटांत टाकला. ३ जूनला सकाळी काम सुरू झालं, ७ जूनला संध्याकाळी संपलं. गिनेसच्या पुस्तकात नोंद झाली. आधीचा विक्रम कतारमधला होता, सुमारे २५ किलोमीटरचा. ज्यांनी कित्येक वर्षं मूर्तिजापूरपर्यंतचे खड्डे खाल्ले, त्यांना विक्रमापेक्षा रस्ता झाल्याचंच अप्रूप जास्त होतं, ते सोडा. आमचं लक्ष दुसऱ्या गोष्टीकडे गेलं. विक्रम मान्य व्हायचा तर पुरावा द्यावा लागतो. काम कधी सुरू झालं, थर कुठून कुठे गेला, मध्ये थांबला का, सगळं दाखवावं लागतं. त्या पाच दिवसांचा हिशेब मिनिटांत सांगता येतो, कारण तो विचारणारं कोणीतरी होतं.

आता आज घरी गेल्यावर स्वतःच्या इमारतीबद्दल असाच हिशेब मागून बघा. पाया किती खोल आहे? खाली मुरूम लागला होता की काळ्या मातीतच थांबले? काँक्रीटला पाणी कुठलं वापरलं? टाकीतून उतरणारा पाइप कोणत्या भिंतीतून जातो? लिफ्टच्या खड्ड्याला वॉटरप्रूफिंग केलं होतं का? नळाचं कनेक्शन कधी घेतलं, त्याची पावती सापडेल. टॅक्स पावती तर नक्की सापडेल. या पाच प्रश्नांतल्या एकाचं उत्तर जरी कागदावर सापडलं, तरी तुम्ही भाग्यवान.

हे नुसतं कुतूहल नाही. ३० ऑक्टोबर २०२२ ची दुपार अमरावतीकर विसरले नसतील. प्रभात चौक परिसरातली एक जुनी, धोकादायक ठरलेली इमारत दुरुस्तीचं काम चालू असताना कोसळली आणि पाच जणांचा जीव गेला. जबाबदारी कोणाची हे ठरवणं आमचं काम नाही. पण आमच्या धंद्यातला माणूस अशी बातमी वाचताना काही ठरावीक गोष्टी शोधतो. कोणता भार कोणत्या भिंतीवरून खाली उतरत होता? खाली हात लावण्याआधी टेकू कुठे द्यायला हवे होते? पूर्वी कोणी एखादी भिंत काढली होती का? जुन्या इमारतीत या प्रश्नांची उत्तरं भिंतीच्या पोटात असतात, कागदावर नसतात. दुरुस्तीला आलेला मिस्त्री अंदाजानं हात घालतो. अंदाज बहुतेक वेळा बरोबर निघतो, म्हणून आपलं चालून जातं.

इमारतीचं आयुष्य मोजून बघा. आराखडा आणि मंजुरी, धरा वर्षभर. बांधकाम दोन-तीन वर्षं. त्यानंतर वापर पन्नास-साठ वर्षं, आणि मग पाडणं. माहिती तयार होते पहिल्या चार वर्षांत आणि तिची गरज लागते पुढच्या पन्नास वर्षांत. मधल्या काळात ती किती हातांतून जाते? आर्किटेक्टकडून आरसीसी डिझायनरकडे, तिथून ठेकेदाराकडे, ठेकेदाराकडून सेंट्रिंगवाला, प्लंबर, इलेक्ट्रिशियन यांच्याकडे, मग बिल्डर, मग फ्लॅटधारक, मग सोसायटी, मग दर दोन वर्षांनी बदलणारे सेक्रेटरी. भरलेली घागर डोक्यावरून डोक्यावर देत न्यावी तसं दर हाताला थोडं सांडतं, आणि शेवटच्या माणसाकडे नुसती घागर पोचते.

अमेरिकेत २००४ मध्ये तिथल्या सरकारी मानक संस्थेनं याचा हिशेब मांडला होता. बांधकामाची माहिती एका यंत्रणेतून दुसरीत नीट न गेल्यामुळे, म्हणजे पुन्हा शोधणं, पुन्हा मोजणं, पुन्हा काढणं यात, वर्षाला १५.८ अब्ज डॉलर जातात असा तो अंदाज होता. त्यातला जवळजवळ दोन-तृतीयांश भार आर्किटेक्टवर किंवा ठेकेदारावर पडत नव्हता. तो इमारतीचे मालक आणि ती चालवणारे यांच्यावर पडत होता. म्हणजे माहिती जपण्यात ज्याचा फायदा, तो ती तयार होताना साइटवर नसतोच. सगळी गोम इथे आहे.

साइटवर काहीच ड्रॉइंगप्रमाणे तंतोतंत होत नाही, आणि त्यात दर वेळी लबाडी असते असंही नाही. पायात दगड लागला, फूटिंग थोडं सरकवलं. बारा मिलिमीटरची सळई त्या आठवड्यात बाजारात नव्हती, डिझायनरला फोन करून दहाच्या जास्त टाकल्या. घरातल्या आजींनी सांगितलं देवघर ईशान्येलाच पाहिजे, मग पाइप दुसऱ्या भिंतीतून वळवला. हे बदल ज्या नकाशावर नोंदवायचे त्याला ‘अ‍ॅज-बिल्ट ड्रॉइंग’ म्हणतात, म्हणजे ‘प्रत्यक्षात बांधलं तसं’. टेंडरमध्ये त्याची अट बहुधा असते. व्यवहारात काय होतं? काम संपल्यावर मंजूर नकाशाचीच नवी प्रिंट काढून त्यावर ‘अ‍ॅज-बिल्ट’ असा शिक्का मारतात. असा कागद नसण्यापेक्षा वाईट, कारण पुढचा माणूस त्यावर विश्वास ठेवतो.

आता आपल्या वऱ्हाडाकडे येऊ. इथे दोन गोष्टी अशा आहेत की त्यांची नोंद नसणं इतर ठिकाणांपेक्षा जास्त महाग पडतं.

पहिली काळी माती. कपाशीला सोन्यासारखी, पण घराला वैरी. पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वरचं घर दरवर्षी किंचित वर-खाली होतं. पावसाळ्यात दार अडकतं, मे महिन्यात भिंतीला तिरपी चीर दिसते, मग पुट्टी भरायची, पुढच्या वर्षी पुन्हा तीच चीर. म्हणून जाणकार माणूस पाया काळी माती ओलांडून मुरमापर्यंत नेतो, किंवा खाली फुगवटा असलेले अंडर-रीम पाइल घालतो. पण मुरूम किती खाली लागेल हे गल्लीगणिक बदलतं. शेजारच्याला सहा फुटांवर लागला म्हणून तुम्हाला लागेल असं नाही. खड्डा खणल्यावर जे दिसलं ते त्या दिवशी तिथे उभ्या असलेल्या चार माणसांनाच कळतं. संध्याकाळी काँक्रीट पडलं की ते ज्ञान गाडलं जातं, अक्षरशः.

आणि मग गच्चीवरच्या सळया. कुठल्याही गल्लीत मान वर करून बघा, कॉलमच्या सळया दोन-तीन फूट वर सोडलेल्या दिसतील. पुढे-मागे पोरांसाठी एक मजला चढवू, हा त्यामागचा विचार. कोणी त्यांवर प्लॅस्टिकच्या बाटल्या उलट्या घालून ठेवतं, बहुतेक जण तसंच गंजू देतात. आम्हाला त्या सळया बघून नेहमी वाटतं की घरमालकानं पुढच्या पिढीसाठी ठेवलेला हा एकुलता एक कागद. त्यावरून किती सळया आणि किती जाडीच्या एवढं वाचता येतं. खाली फूटिंग केवढं आहे आणि कशावर बसलं आहे, म्हणजे मजला चढवायचा की नाही हे ज्यावर ठरतं, ते त्यावरून वाचता येत नाही. वीस वर्षांनी पोरगा इंजिनिअरला घेऊन येतो तेव्हा इंजिनिअर पहिला प्रश्न पायाचाच विचारतो. घरातलं सगळ्यात वयस्क माणूस सांगतं, “लय खोल खणलं होतं.” त्या ‘लय’वर डिझाइन करायचं.

दुसरी गोष्ट पाणी. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा तुम्हाला आम्ही काय सांगावा? दर्यापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर या भागांत विहिरीचं पाणी तोंडात घेववत नाही, म्हणून तर वान धरणावरून चौऱ्याऐंशी खेडी योजना आली. पण प्यायचं पाणी दुरून आणणारे आपण काँक्रीटला मात्र बोअरचं वापरतो. एका गावात आम्ही मिस्त्रीला विचारलं, पाणी तपासलं का? तो म्हणाला, “साहेब, पाणी थे पाणीच. त्याच्यात काय तपासाचं?”

तपासायचं असतं ते क्लोराइड. लोखंडी सळईभोवती चांगल्या काँक्रीटमध्ये एक अतिशय पातळ संरक्षक थर तयार होतो. त्यामुळे ती वर्षानुवर्षं गंजत नाही. क्लोराइड तो थर फोडतं. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, तो आतून काँक्रीटला ढकलतो, सळईच्या रेषेत चीर पडते आणि एक दिवस स्लॅबचा पापुद्रा खाली येतो. आपल्या मानकात, म्हणजे आयएस ४५६ च्या २००० सालच्या आवृत्तीत, सळई असलेल्या काँक्रीटसाठी वापरायच्या पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको असं स्पष्ट लिहिलं आहे. सळई नसेल तर २००० पर्यंत चालतं. म्हणजे फरशीखालच्या कोब्याला चालणारं पाणी स्लॅबला चालेलच असं नाही.

इथे माहितीचा संबंध कुठे येतो ते बघा. स्लॅबचा पापुद्रा पडला. मालकाला वाटलं प्लास्टर सुटलं. गवंडी बोलावला, त्यानं तेवढा भाग खरवडला, सळई ब्रशनं घासली, नवा माल भरला, रंग दिला. दोन-तीन वर्षांत त्याच्या बाजूचा भाग पडला. पुन्हा तेच. खरं कारण असं की संपूर्ण स्लॅबमध्येच क्षार आहेत, आणि एक जागा नव्या मालानं भरली की तिच्या कडेची सळई आधीपेक्षा जोरात गंजू लागते. बांधताना बोअरचं पाणी वापरलं होतं, एवढी एक ओळ जर कुठे लिहिलेली असती, तर पहिल्याच वेळी क्लोराइडची चाचणी झाली असती आणि दुरुस्तीची पद्धतच वेगळी निवडली असती. एका ओळीची किंमत काय, असं कोणी विचारलं तर आम्ही हेच उदाहरण देतो.

क्युरिंगचंही तेच. पारा पंचेचाळीसच्या पुढे असताना टाकलेल्या स्लॅबला किती दिवस पाणी मारलं, हे पुढे कोणालाच सांगता येत नाही.

सरकारी बांधकामात नोंदी नसतात असं मात्र म्हणता येणार नाही. उलट भरपूर असतात. मेजरमेंट बुक, म्हणजे आपली एमबी, ज्यानं पाहिली आहे त्याला माहीत आहे की लांबी, रुंदी, उंची दोन दशांश स्थळांपर्यंत लिहिलेली असते, खाडाखोडीवर सही असते. पण एमबी बिलासाठी असते. किती घनमीटर काँक्रीट पडलं ते त्यात सापडेल. व्हॉल्व्ह कुठे गाडला आहे ते सापडणार नाही, कारण ऑडिटर ते विचारत नाही. फायनल बिल निघालं, दोष-दायित्वाचा काळ संपला, सुरक्षा ठेव परत गेली की फाइल बांधून रेकॉर्ड रूममध्ये. इमारतीचं खरं आयुष्य तिथून सुरू होतं आणि नोंद तिथे थांबते.

हे वेगळ्या पद्धतीनं करता येतं, आणि त्याला कॉम्प्युटरच लागतो असं नाही. रेल्वेकडे बघा. बडनेरा, मूर्तिजापूर, अकोला ही आपली स्टेशनं ज्या मुख्य मार्गावर आहेत तो ब्रिटिश काळातला. त्यावरच्या लहानशा मोरीलाही क्रमांक असतो, तो कठड्यावर रंगवलेला असतो, पुराची कमाल पातळी खुणेनं दाखवलेली असते. प्रत्येक पुलाची रजिस्टरमध्ये नोंद असते, दरवर्षी तपासणी होते, काय दिसलं ते तिथेच लिहिलं जातं. अधिकारी बदलतात, निवृत्त होतात, पण नव्या माणसाला त्या पुलाची मागची वर्षं वाचता येतात. आम्ही आधुनिक सॉफ्टवेअरचे विरोधक नाही, पण ज्या संस्थेला रजिस्टर नियमित भरता येत नाही तिला सॉफ्टवेअरही भरता येणार नाही, हे आमचं मत अनुभवानं पक्कं झालं आहे.

आता त्या सॉफ्टवेअरबद्दल, कारण विद्यार्थी त्यासाठीच आलेले दिसतात. बीआयएम, म्हणजे बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग. साध्या नकाशात दोन समांतर रेषा असतात आणि ती भिंत आहे हे तुम्ही समजून घेता. बीआयएमच्या मॉडेलमध्ये ती भिंत स्वतःबद्दल सांगते: मी वीट आहे, एवढी जाड आहे, माझ्या पोटातून हा पाइप जातो, हे दार माझ्यात बसलं आहे. दार सरकवलं की नकाशा, छेद, परिमाणपत्रक सगळीकडे एकदम सरकतं. मॉडेलला वेळेची जोड दिली, म्हणजे कोणतं काम कधी होणार, की चौथी मिती म्हणतात. खर्चाची जोड दिली की पाचवी. एसीची डक्ट आणि बीम एकाच जागी येत असतील तर ते साइटवर फोडाफोड करून कळण्याऐवजी पडद्यावर आधी कळतं.

हे सगळं परदेशातच चालतं असं समजू नका. नागपूर मेट्रोच्या कामात महामेट्रोनं पाच मितींचं बीआयएम वापरलं, आणि मेट्रोसाठी ते सुरुवातीपासून वापरणाऱ्या देशातल्या पहिल्या प्रकल्पांत त्याची गणना होते. तिथे ते परवडतं आणि लागतंही, कारण स्टेशन, रूळ, वीज, सिग्नल, लिफ्ट अशी शेकडो कामं अनेक ठेकेदार एकाच वेळी करत असतात, आणि नंतर तीच संस्था मेट्रो चालवणार असते. मगाशी म्हटलेली गोम इथे सुटलेली आहे. बांधून घेणारा आणि वापरणारा एकच, म्हणून माहिती जपण्यात त्याचा स्वतःचा फायदा आहे.

आपल्या बारा फ्लॅटच्या इमारतीला एवढ्या जंजाळाची गरज नाही. पण या पद्धतीमागचा एक विचार फुकट उचलण्यासारखा आहे. आयएसओ १९६५० नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्याचे पहिले दोन भाग २०१८ मध्ये आले, आणि २०२० मध्ये आलेला तिसरा भाग खास वापराच्या काळासाठी आहे. शेकडो पानांचा सार काढायचा तर असा: काम सुरू होण्याआधी मालकानं सांगावं की मला शेवटी कोणती माहिती हवी, कोणत्या स्वरूपात हवी आणि कोणत्या टप्प्यावर हवी. ती मिळाल्याशिवाय तो टप्पा पूर्ण झाला असं धरायचं नाही. शिवाय सगळ्यांसाठी एकच अधिकृत प्रत असावी. आपल्याकडे व्हॉट्सअ‍ॅपवर ‘फायनल’, ‘फायनल २’ आणि ‘फायनल नवीन’ अशी तीन ड्रॉइंग फिरतात, आणि सळई बांधणाऱ्याच्या हातात नेमकी पहिली असते.

अजून एक. मॉडेल तयार करणारे विद्यार्थी ऐका. आजच्या सॉफ्टवेअरची फाइल तीस वर्षांनी उघडेल याची कोणी हमी देत नाही. आमच्याच कपाटात जुन्या प्रकल्पांच्या सीडी आहेत, आणि सीडी वाचणारा कॉम्प्युटर ऑफिसात उरलेला नाही. म्हणून खुल्या स्वरूपात, आयएफसीमध्ये, एक प्रत काढावी, पीडीएफ काढावी, आणि महत्त्वाची दहा-पंधरा पानं चांगल्या कागदावर छापून ठेवावीत. कागदाला चार्जर लागत नाही.

माहिती हरवल्यानं काय होतं याचं जगानं बघितलेलं उदाहरण लंडनच्या ग्रेनफेल टॉवरचं. २४ मजली निवासी इमारत, १४ जून २०१७ च्या रात्री लागलेली आग बाहेरच्या आवरणावरून वर चढत गेली, ७२ माणसं गेली. ते आवरण मूळ इमारतीचं नव्हतं, नंतरच्या नूतनीकरणात लावलेलं होतं. त्यानंतर डेम जुडिथ हॅकिट यांच्या समितीनं २०१८ मध्ये अंतिम अहवाल दिला आणि त्यात ‘सोनेरी धागा’ हा शब्द रूढ केला. इमारतीच्या सुरक्षेची माहिती आराखड्यापासून वापरापर्यंत एका अखंड धाग्यासारखी राहिली पाहिजे, कोणता बदल कोणी का केला हे कळलं पाहिजे, आणि ती माहिती तिथे राहणाऱ्यांनाही मिळाली पाहिजे. २०२२ च्या कायद्यानं तिथल्या उंच निवासी इमारतींना ते बंधनकारक झालं.

आपल्याकडे कायदे नाहीत का? आहेत, आणि बरे आहेत. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ प्रमाणे तीस वर्षं पूर्ण झालेल्या इमारतीची तपासणी मालकानं नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून करून घ्यायची असते. अमरावती आणि अकोला दोन्ही महानगरपालिकांना हे लागू आहे. २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याखाली आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र, ज्याला ‘बी’ फॉर्म म्हणतात, वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैमध्ये द्यायचं असतं. आणि धरणांच्या बाबतीत तर २०२१ चा धरण सुरक्षा कायदा बराच पुढे गेला आहे. त्याच्या कक्षेतल्या धरणांसाठी, म्हणजे आपल्या ऊर्ध्व वर्धा आणि काटेपूर्णासारख्या मोठ्या धरणांसाठी, लॉगबुक किंवा डेटाबेस ठेवणं आणि पावसाळ्याआधी व नंतर तपासणी करणं मालकाचं कर्तव्य आहे.

अडचण अशी की तीस वर्षांनी तपासणीला आलेला इंजिनिअर पहिल्यांदा ड्रॉइंग मागतो. ती नसतात. मग ऑडिट म्हणजे डोळ्यांनी पाहणी, चार फोटो आणि ‘सध्या स्थिती समाधानकारक’ असं पत्र. कायद्याला कागद मिळतो, इमारतीला काही मिळत नाही.

मग करायचं काय? नवीन घर बांधणाऱ्याला आमचं सांगणं आहे की जे झाकलं जाणार आहे तेवढंच धरा. उघडं आहे ते पुढेही दिसणारच आहे. पायाचा खड्डा भरण्याआधी टेप लावून फोटो. प्रत्येक स्लॅबच्या सळया बांधून झाल्यावर, काँक्रीट पडण्याआधी फोटो. भिंतीत पाइप आणि वायरिंग बसलं की प्लास्टरआधी प्रत्येक भिंतीचा समोरून फोटो, कोपऱ्यापासूनचं अंतर दिसेल असा. पाण्याच्या आणि क्यूबच्या चाचणीचे रिपोर्ट. वॉटरप्रूफिंग कोणी, कशानं, कोणत्या महिन्यात केलं. लिफ्ट, पंप, अग्निशमन यांची कागदपत्रं. आणि एक साधी दोनशे पानी वही, त्यात पुढची प्रत्येक दुरुस्ती तारखेसह. इमारत विकली तर वही सातबारा आणि खरेदीखताबरोबर नव्या मालकाकडे जावी. शेवटी पाडायची वेळ येते तेव्हाही ती लागते. कुठे सिमेंटचे अ‍ॅस्बेस्टॉस पत्रे आहेत, कोणत्या भिंतीवर काय टेकलं आहे, हे पाडणाऱ्याला आधी कळायला हवं.

आता प्रश्न घेऊ.

एक ठेकेदार बंधू विचारतात की एवढे फोटो काढायला माणूस कोण ठेवणार, आणि त्याचे पैसे कोण देणार.

दादा, वेगळा माणूस नको. तुमचा सुपरवायझर स्लॅबच्या आधी मालकाला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकतोच. फक्त तो सळयांचा टाकतो, पोरांनी केलेल्या पूजेच्या नारळाचाही टाकतो, आणि कोणत्या कॉलमजवळचा हे लिहीत नाही. एका पाटीवर खडूनं तारीख, मजला आणि कॉलम नंबर लिहून ती फ्रेममध्ये ठेवा. दोन मिनिटं. पैसे द्यायचेच तर आमचा आग्रह असा की शेवटच्या हप्त्यातली थोडी रक्कम ही फाइल हाती आल्यावरच द्यायची, आणि हे करारात आधीच लिहायचं. मग फाइल तयार होते.

सोसायटीच्या सेक्रेटरी असलेल्या एक ताई विचारतात की बिल्डर ड्रॉइंग देतच नाही.

ताई, तुमचा प्रकल्प रेरामध्ये नोंदलेला असेल तर कलम १७ बघा. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यावर तीस दिवसांत आवश्यक कागदपत्रं आणि नकाशे संस्थेकडे द्यायचे आहेत. लेखी मागा, पोच घ्या, नाही दिलं तर महारेराकडे तक्रार करता येते. प्रकल्प त्याआधीचा असेल तर मंजूर नकाशा महानगरपालिकेच्या नगररचना विभागात असायला हवा. प्रमाणित प्रत मागा, गरज पडली तर माहितीच्या अधिकारात. पण लक्षात घ्या, तिथे जागेचा नकाशा मिळेल. सळयांची ड्रॉइंग आरसीसी डिझायनरकडेच असतात. त्यांचं नाव नकाशावर किंवा दाखल्यावर सापडेल. ते आज हयात आणि कामात असतील तर या आठवड्यातच जा, पुढच्या वर्षी म्हणू नका.

शेवटचा प्रश्न अकोल्याहून आलेल्या काकांचा. इमारत ३४ वर्षांची, बिल्डर नाही, डिझायनर नाही, कागद नाही. आता काय?

काका, कागद हरवला तरी इमारत समोर आहे, तिलाच विचारावं लागेल. ते महाग पडतं, पण होतं. पहिल्यांदा सगळी इमारत मोजून आजच्या स्थितीचा नकाशा काढा. मग कव्हर-मीटर नावाचं यंत्र भिंतीवरून, बीमवरून फिरवलं की आत सळई कुठे आणि किती खोल आहे ते कळतं. रिबाउंड हॅमर आणि अल्ट्रासोनिक चाचणीनं काँक्रीटचा दर्जा सगळीकडे सारखा आहे की कुठे कमजोर आहे याचा अंदाज येतो, आणि मोजक्या ठिकाणी कोअर काढून तो पडताळता येतो. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलीन फवारलं की निरोगी भाग गुलाबी होतो. जिथे रंग येत नाही तिथे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनं आत शिरकाव केला आहे आणि सळईचं संरक्षण कमी झालं आहे. तुम्ही बाळापूर रोडकडचे म्हणालात, म्हणून वेगवेगळ्या खोलीवरची पूड काढून क्लोराइड तपासायला मुद्दाम सांगा, ते बऱ्याचदा रिपोर्टात नसतं. पायासाठी एका कॉलमशेजारी छोटा खड्डा खणून बघतात. तो उन्हाळ्यात खणा, एका वेळी एकाच कॉलमला, इंजिनिअर उभा असताना, आणि बघून झालं की लगेच ठोकून भरून टाका. त्या खड्ड्यात मुरूम किती फुटांवर दिसला ते भिंतीवर लिहा, वहीत लिहा, आणि रिपोर्टची प्रत सेक्रेटरीच्या कपाटात एकटी न ठेवता प्रत्येक सभासदाला द्या.